धुतलेलं कासव

६ जानेवारी

नमस्कार.

फोनवर बोललो ते सगळं लेखी हवं असं तुम्ही म्हणालात, म्हणून हे पत्र. तुम्हा दोघांची आणि मुलीची पहिली भेट एक मार्चला, सकाळी अकरा वाजता, संस्थेच्या खेळखोलीत ठरली आहे. मुलगी आता चार वर्षं दोन महिन्यांची आहे. मागच्या वर्षी दत्तक घ्यायला आलेल्या एका जोडप्याशी तिचं जमलं नाही, हे तुम्हाला सांगितलंच होतं. दोन्ही भेटींत ती टेबलाखालून बाहेरच आली नाही आणि त्या मंडळींनी माघार घेतली. चूक कोणाचीच नव्हती. पण तिच्या वाट्याला पुन्हा तेच यायला नको, म्हणून या वेळी आम्ही जरा सावध आहोत. दोन भेटी होतील, मग पुढे जायचं की नाही ते समिती ठरवेल.

भेटीआधी आम्ही घरून एक मऊ खेळणं मागवतो. ते तुम्ही रोज अंथरुणात घेऊन झोपायचं, निदान तीन आठवडे. तुमच्या अंगाचा, घराचा वास त्यात उतरतो आणि मूल तुम्हाला भेटायच्या आधी त्या वासाला सरावतं. खेळणं धुवायचं नाही, त्याला अत्तर-पावडर काही लावायचं नाही. मणी, बटणं, काचेचे डोळे नकोत. ती सगळं तोंडात घालते. मान, पाय ओढून निघणार नाहीत इतके पक्के हवेत. बावीस फेब्रुवारीपर्यंत आमच्या हातात पडावं. विकतचं चालेल, आपल्या हातचं असेल तर उत्तमच.

काळजी करू नका असं मी कोणाला सांगत नाही, कारण कोणी ऐकत नाही.

संस्थेतली ताई


९ जानेवारी

प्रिय आत्या,

खुशाली शेवटी विचारते, आधी काम. मला क्रोशा शिकव.

हसू नकोस. मी दहा वर्षांची असताना तू शिकवायला बसलीस आणि मी सुई खिडकीतून खाली भिरकावली, ती कोणाच्या तरी टोपीत पडली, हे सगळं मला आठवतंय. पण आता खरंच शिकायचंय. लोकरीचं छोटं कासव करायचंय, तळहाताएवढं, आत कापूस भरलेलं. आमच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीला बाळ होणार आहे, तिच्यासाठी.

नमुना छापून आणलाय, एक प्रत सोबत ठेवतेय. पहिल्याच ओळीत लिहिलंय, 'जादूची रिंग, त्यात सहा.' जादू एवढीच, की दोरा ओढला की रिंग गायब. रविवारी अख्खी दुपार गेली. शेवटी रिंग टिकली, तर पुढच्या फेऱ्यात बारा हवेत तिथे अकरा, आणि त्यापुढे अठरा हवेत तिथे एकदा सोळा, एकदा एकवीस! गोल चकती व्हायला हवी होती, झाली द्रोणासारखी वाटी, आणि तीही इतकी घट्ट की सुई आत शिरेना. बोटाला फोड आलाय. दिवसभर मी लोकांच्या कवळ्या घडवते गं. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर माणसाला घास चावता येत नाही, आणि माझ्या हातून ती होत नाही. मग सहा टाके मोजताना हात का थरथरतात?

फोनच करणार होते, पण तुझं कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं आणि तू 'हो हो, छान छान' म्हणून ठेवून देतेस. म्हणून सगळं लिहून पाठव. आणि लवकर पाठव, आत्या. मला घाई आहे.

तुझी,
ठमी


१५ जानेवारी

ठमे,

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. मैत्रिणीचं बाळ अजून पोटात आणि हिला घाई! असो. तू आपण होऊन सुई हातात घेतलीस हे वाचून मी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं.

आता ऐक. मी आयुष्यात छापील नमुना बघून काही केलेलं नाही. तू पाठवलेला कागद समोर धरला तर मला वाटलं औषधाची चिठ्ठीच आहे. मग लक्षात आलं. तो जो 'सिंगल क्रोशे' म्हणून सारखा येतो ना, तो आपला मुका खांब. उंची नाही, दिमाख नाही, पण भरीव काम सगळं त्याच्याच जिवावर. अख्खं कासव मुक्या खांबांचंच आहे. एकात दोन घातले की वाढतं, दोनाचा एक केला की आटतं. याउपर त्यात काही शास्त्र नाही.

तुझे टाके चुकतात कारण तू फेरा कुठे सुरू झाला तेच विसरतेस. हे गोल गोल वर चढत जातं, त्याला शिवण नसते. फेऱ्याच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकव. फेरा संपला की मोज, मगच पिन पुढे सरकव. पिनेशिवाय करशील तर करायला गेली गणपती आणि झाला मारुती, असं होईल. घट्ट होतंय कारण तू श्वास रोखून काम करतेस. लहानपणी पाढे म्हणतानाही असाच श्वास रोखायचीस आणि बारा सत्तेपर्यंत लाल व्हायचीस. दोरा करंगळीवरून एकदाच घे, दोनदा नको. आणि उलटी बाजू बाहेर ठेवू नकोस. बाहेरून टाके इंग्रजी व्हीसारखे दिसायला हवेत.

कोणती मैत्रीण गं? ती दाताला रंग देणारी? तिचं लग्न कधी झालं?

जावयांना आशीर्वाद. त्यांना म्हणावं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना डोक्यावर ते टोपडं घालत चला.

आत्या


२९ जानेवारी

प्रिय आत्या,

झालं! परवा झालं. पिनेला माझा साष्टांग नमस्कार. पाठ हिरवी, पोट पिवळं, पाय चार, शेपटी एक. पाठीला छत्तीस टाके आले, बरोब्बर छत्तीस. मी तीनदा मोजले, मग यालाही मोजायला लावले. हा म्हणाला, 'अगं, लिफ्टचे दोरसुद्धा आम्ही एवढे तपासत नाही.' डोळे काळ्या दोऱ्याने भरलेत. एक डोळा किंचित वर गेलाय, त्यामुळे ते सदा दचकल्यासारखं बघतं. माझ्यावर गेलंय असं याचं म्हणणं आहे.

फक्त मान. डोकं शिवलंय, पण ते लुळं पडतं. मी तीनदा उसवून पुन्हा शिवलं, दरवेळी लोंबतंच. जोरात ओढलं तर निघेल अशी भीती वाटते. आणि ते निघता कामा नये, आत्या. मूल ओढणारच. ओढलं आणि हातात आलं तर काय वाटेल त्याला? रोज सकाळी उठल्याबरोबर मी आधी मान ओढून बघते. कामावरही तेच डोक्यात. काल एका आजोबांच्या कवळीला सुळ्याच्या जागी दाढ बसवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बॉसनी ती नुसती उलटीपालटी करून बघितली, ते जास्त लागलं.

मानेचं काय करू ते लिही. बावीस फेब्रुवारीच्या आत हवंय.

मैत्रीण म्हणजे ती नवीन लागलेली. तू ओळखत नाहीस.

ठमी


३ फेब्रुवारी

ठमे,

कासवाचं डोकं आत जातं असं ऐकलं होतं, लोंबतं हे नवीनच. मानेत कापूस कमी पडलाय. आणि तू धावदोरा घातला असशील. मान अशी कागदावर शिकवता येत नाही, हाताला हात लावून दाखवावी लागते. ते कासव इकडे पाठवून दे. मी एका बैठकीत पक्कं करून परत पाठवते.

ही तुझी नवीन लागलेली मैत्रीण मी ओळखत नाही, बरं. पण मी तुला ओळखते ना! अजून काही विचारत नाही. जिने जपून चढ-उतर कर. पाण्याची बादली उचलू नकोस. जड साचे दुसऱ्या कोणाला उचलायला सांग. एवढंच.

इकडे खालच्या मजल्यावर बँकवाल्यांकडे गडबड आहे. त्यांनी संस्थेतून मुलगा आणलाय, पाच वर्षांचा. माणसं चांगली आहेत, मी काही बोलले नाही, वाटीभर गोड घेऊन बघून आले. पण तुझ्याशी बोलायला काय हरकत आहे? मला काही हे पटत नाही. परक्याचं ते परक्याचंच. कितीही करा, रक्त ते रक्त. अजून थोडी वाट बघायची होती. वाट बघणाऱ्याला मिळतं, ठमे. हे मी तुलाही सांगत आले की नाही?

कासव लवकर पाठव.

आत्या


११ फेब्रुवारी

आत्या,

कासव पाठवतेय. माझ्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलंय. काढलंस की लगेच मान शिव, लगेच त्याच सदऱ्यात गुंडाळ, पिशवीची गाठ मार आणि त्याच दिवशी कुरिअरला दे. बाकी काही म्हणजे काही करू नकोस. का, ते विचारू नकोस.

तुझं पत्र वाचलं. खालच्या मजल्यावरच्या मुलाबद्दल लिहिलंस तेही वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

ठमी


१५ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या ठमे,

का ते विचारू नकोस म्हणालीस. अगं, विचारायला कशाला हवंय? या आत्याने तुला पाच वर्षांची असल्यापासून वाढवलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मैत्रीण म्हणे नवीन लागलेली! घाई तुझी, रडवेली पत्रं तुझी, कामात चुका तुझ्या, आणि त्या सदऱ्याला घामाचा वास. दिवस राहिले की असा घाम येतो. मागच्या दोन्ही वेळी आपण सगळ्यांना सांगून बसलो आणि मग तोंड लपवायची वेळ आली, म्हणून या वेळी तू गप्प आहेस. कळतं मला. मीही कोणाला बोललेली नाही. तिसरा चालू आहे ना? आजच टोपडं विणायला घेतलंय, पांढरं, म्हणजे काहीही झालं तरी चालेल.

कासवाची मान आता पक्की. आधी आत कापूस ठासला, मग कडेने टाक्याला टाका लावून तीन फेरे शिवले. बैल जुंपला तरी निघायची नाही. मग म्हटलं, तान्ह्या जिवाच्या तोंडात जाणार हे, आणि याला तर माणसाचा वास मारतोय. तुला माहीतच आहे, हॉस्पिटलच्या धुलाईत तीस वर्षं काढली मी, न धुता माझ्या हातातून चिंधीसुद्धा बाहेर गेली नाही. गरम पाण्यात जंतुनाशक घालून दोनदा धुतलं, साबण पार निघेपर्यंत खळबळलं, दोन दिवस गॅलरीत कडक उन्हात वाळवलं. म्हणून एवढा उशीर. कापूससुद्धा कोरडा ठणठणीत. सदरा पण धुतला, इस्त्री केला. आता नाकाला लावून बघ, कसला म्हणून वास येत नाही!

जपून राहा. मी चैत्रात येते राहायला, हवी तेवढी.

तुझी आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

मला दिवस गेलेले नाहीत.

जाणारही नाहीत. डॉक्टरांनी ते मागच्या वर्षीच सांगितलं. तुला सांगितलं नाही, कारण तू दर पत्रात 'वाट बघ' लिहायचीस आणि ते तोडायचं माझ्या जिवावर यायचं.

आम्ही मुलगी आणतोय. संस्थेतून. चार वर्षांची आहे. एक मार्चला पहिली भेट. आधी आलेल्या जोडप्याला बघून ती टेबलाखाली जाऊन बसली, बाहेर आलीच नाही, आणि ते लोक सोडून गेले. आमच्या वेळीही तसंच झालं तर समिती नाही म्हणेल, आणि पुन्हा कोणीतरी सोडून गेलं एवढंच तिला कळेल. म्हणून ते कासव. ते धुवायचं नव्हतं, आत्या. तोच वास हवा होता. आम्ही दोघं पंधरा रात्री त्याला मध्ये घेऊन झोपलो. हा तर कूस बदलताना दिवा लावून बघायचा, कुठे चिरडलं तर नाही. म्हणजे आम्ही जाऊन उभे राहिलो की तिला वाटेल, हा वास माझ्या ओळखीचा आहे. तेवढा एकच धागा होता माझ्याकडे. आणि तू तो गरम पाण्यात घालून दोनदा धुतलास.

तुला लिहून ठेवलं होतं ना, बाकी काही करू नकोस? का ऐकलं नाहीस? पण मी तरी खरं का नाही लिहिलं? कारण 'परक्याचं ते परक्याचंच' हे तू तीन तारखेला लिहिलंस खरं, पण मला ते आधीपासून माहीत होतं. समोरच्यांच्या सुनेने मुलगा घेतला तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस, आणि मी शेजारी बसून भाजी निवडत होते. जगात मला एकीच्याच तोंडून 'बरं केलंस' ऐकायचं होतं, आणि तिला सांगायचीच हिंमत झाली नाही.

कासव पोचलं आहे. मान घट्ट आहे. त्याबद्दल आभार.

टोपडं पाठवू नकोस.

ठमी


१९ फेब्रुवारी

नमस्कार.

तुमचं सात पानी पत्र मिळालं. पहिल्या पानावरच प्रश्न कळला होता, तरी सगळं वाचलं.

भेट पुढे ढकलता येणार नाही. मुलीला तारीख सांगून झाली आहे, ती रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक चौकोन रंगवते. दिलेली तारीख आम्ही या मुलांसाठी कधी बदलत नाही. उरल्या रात्री कासव घेऊन झोपा आणि एकवीसला आमचा माणूस येईल त्याच्याकडे द्या. दोन-चार रात्रींत किती वास उतरेल हे मला सांगता येणार नाही. कधीकधी उतरतो.

तुमच्या आत्याबाईंचा राग मी समजू शकते. माझी सासूही सगळं धुते.

संस्थेतली ताई


२६ फेब्रुवारी

चि. ठमी,

आठ दिवस रोज कागद घेऊन बसतेय. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळे म्हणत आले, पण लेखणीलाही नाही हे आता कळलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी टोपडं उसवून टाकलं. मग कळेना, दोरा कुठे ठेवू. गुंडाळून कपाटात टाकला आणि काही न खाता तशीच बसून राहिले.

पंधरा रात्रींचा वास मी एका सकाळी घालवला. तू लिहिलं होतंस, बाकी काही करू नकोस. मी वाचलं होतं. पण मला वाटलं, पोरीला काय कळतं, माझंच बरोबर. हे असं मला आयुष्यभर वाटत आलंय, ठमे. आता माफी माग म्हणशील तर मागते. पण आधी एक गोष्ट सांगते, जी तुला कोणी सांगितलेली नाही. दादालाही माहीत नव्हती.

तुझी आई गेल्यावर दादाने तुला माझ्या दारात आणून सोडलं तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. हातात तुझ्या आईची निळी शाल. ती तू खाली ठेवायची नाहीस. जेवताना मांडीवर, झोपताना तोंडावर. मला जवळ येऊ द्यायची नाहीस. मी हात पुढे केला की शालीत तोंड खुपसायचीस. तिसऱ्या दिवशी तू झोपलेली असताना मी ती हळूच काढून घेतली आणि धुतली. मला वाटलं, आजारी माणसाच्या अंगावरची शाल, पोरीला काही होईल. धुवून, घडी करून उशाशी ठेवली. तू उठलीस, शाल नाकाला लावलीस आणि अशी किंचाळलीस, की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. 'हिला काय मारलंत?' असं विचारलं त्यांनी मला. मी काय सांगणार? धुलाईवाली बाई मी. कशाने काय धुतलं जातं ते मला तेव्हा कळलं, आणि तेव्हाही कोणाला सांगायची लाज वाटली. आणि बघ, एवढ्या वर्षांनी तीच चूक पुन्हा केली. कानाला खडा लावला होता, तो कधी पडला कळलंच नाही.

त्यानंतर दोन महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. मी जवळ यायचं सोडून दिलं. कामावरून आले की तुझ्या खोलीच्या दारात पाटावर बसायचे, तुझ्याकडे पाठ करून, आणि क्रोशा करायचे. हाक मारायची नाही, वळून बघायचं नाही. एक दिवस तू येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसलीस. मी हललेसुद्धा नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.

तू परक्याची म्हणून आली नव्हतीस, माझ्या भावाची होतीस, हे मी स्वतःला सांगत आले. पण दोन महिने दारात बसले तेव्हा रक्त काही उपयोगी पडलं नव्हतं. रक्ताचं ते वाक्य मी माझं शहाणपण म्हणून मिरवत होते. ते खोटं आहे. मी तुला लिहिलं, समोरच्या सुनेच्या मागे बोलले, तेही सगळं खोटं. उद्या खाली जाऊन बँकवाल्यांच्या पोराला भेटते, नुसती वाटी घेऊन नाही, बसायला जाते.

तू टेबलासमोर उभी राहून 'ये, ये' करू नकोस. खाली बस. हातात काम घे. तिच्याकडे बघू नकोस. ती आली नाही तर? ते मला माहीत नाही, ठमे. मलाही भीती वाटतेय. परवाची रात्र कशी काढू ते कळत नाही.

बरं केलंस. फार बरं केलंस, पोरी.

तुझी आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

आत्ताच घरी पोचलो. हा कपडेही न बदलता खुर्चीत बसलाय. कोणाशी बोलायच्या आधी तुला लिहितेय.

आधी हे सांगते, की कासव तुझ्याकडून परत आलं तेव्हा मी रागाने ते नाकाला लावलं. तू म्हणालीस वास येत नाही. येतो. तुझ्या साबणाचा येतो, माझ्या शाळेच्या फ्रॉकना यायचा तोच. मी त्यात तोंड खुपसून रडले आणि कितीतरी दिवसांनी मला सलग झोप लागली. हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. रागात राहिलं.

आता आजचं. रात्रभर डोळा नव्हता. बसमध्ये याने माझा हात धरला होता आणि दोघांचेही हात ओले. खेळखोली लहान आहे, खाली निळी चटई, भिंतीला लावून बुटक्या खुर्च्या, मधे एक टेबल. ती आधीच टेबलाखाली होती. मला फक्त दोन मोजे दिसले, एक पांढरा, एक पट्ट्यापट्ट्यांचा. ताई म्हणाल्या, 'बसा.' आम्ही खाली बसलो. मी टेबलाकडे पाठ करून, तू लिहिलं होतंस तशी. पिशवीतून लोकर काढली, सुई काढली आणि रिंग घातली.

पहिल्याच फेऱ्यात सहाचे पाच झाले. उसवलं. पुन्हा घातली, सात झाले. दहा मिनिटं गेली. वीस गेली. याचा गुडघा कटकन वाजला तेवढाच आवाज. ताईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं ते मी बघितलं, आणि मला वाटलं संपलं, आपणही त्या जोडप्यासारखेच जाणार, आणि ही पुन्हा कॅलेंडरवर चौकोन रंगवत बसणार. डोळे भरून आले, टाका दिसेना.

तेवढ्यात माझ्या कोपराशी काहीतरी हललं. ती टेबलाच्या कडेपर्यंत सरकली होती. हातात कासव. आत्या, आठ दिवसांत त्याचं काय झालंय! हिरवी पाठ काळपट पडलीय, शेपटी चघळून दोरीसारखी झालीय, आणि पुढचा एक पाय नुसत्या एका धाग्याला लोंबतोय. आपला काय, कोणाचाच वास आता त्याला उरलेला नाही. डाळीचा, खडूचा, आणखी कशाकशाचा येतो. मला राहवलं नाही. मी तुझं ऐकलं नाही, वळलेच. म्हटलं, 'अगं, याचा पाय निघालाय. बघू?' आणि हात पुढे केला.

तिने झटकन कासव पाठीमागे घेतलं. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चोरायलाच आलेय. म्हणाली, 'नाही देणार. माझ्या आईने पाठवलंय.'

हा उठून खिडकीशी गेला. ताई वाकून तिला म्हणाल्या, 'अगं वेडे, ही तीच.'

ती बघत राहिली. माझ्या चपला बघितल्या, पिशवी बघितली, केस बघितले, हातातली सुई फार वेळ बघितली. एवढं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नसेल. मी श्वास रोखून बसले होते, बारा सत्ते म्हणताना रोखायचे तसा. मग ती टेबलाखालून बाहेर आली, समोर बसली, कासव माझ्या गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाली, 'मग पाय लाव.'

मी लावला. टाके वेडेवाकडे आले, एक तर पोटातच गेला. शिवून होईपर्यंत तिने कासवाची मान दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

ठमी